सीमा पुसली, निरक्षरतेची रेघ राहिली

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगावराजा आणि जालना शहर यांच्यातील अंतर एसटीने तासाभराचे आहे. दोन्हीकडची जमीन काळी. दोन्हीकडे कापूस, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन. भाषा एक, देवदैवते तीच, जातींची उतरंडही तीच, आणि सोयरीकही परस्परांत होते. या बाजूला जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा, तर त्या बाजूला समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब. एवढे सारे समान असताना २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण ८३ टक्क्यांच्या वर भरले, आणि त्याला लागूनच असलेल्या जालना जिल्ह्याचे ७१ टक्क्यांच्या थोडे पुढे जाऊन थांबले. जालन्यातील स्त्रियांचे प्रमाण तर ६१ टक्क्यांच्या आसपासच होते. २०२१ साली व्हावयाची जनगणना वेळेवर झाली नाही. ती २०२७ वर गेली. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करावयाची तर आजही याच आकड्यांचा आधार घ्यावा लागतो.

बारा टक्क्यांची ही तफावत केवळ दोन जिल्ह्यांपुरती असती तर ती योगायोग म्हणून सोडून देता आली असती. परंतु सीमेच्या दोन्ही बाजूंना पुढे पुढे जात राहिले तरी चित्र तेच राहते. वऱ्हाडातील अकोला ८८, अमरावती ८७, वाशीम ८३, यवतमाळ जवळजवळ ८३. मराठवाड्यातील परभणी ७३, नांदेड ७५, हिंगोली ७८, लातूर ७७, बीड ७७. मराठवाड्यातला एकही जिल्हा ८० टक्क्यांचा टप्पा गाठत नाही आणि वऱ्हाडातला एकही जिल्हा त्याच्या खाली उतरत नाही. महाराष्ट्राच्या नकाशावरून जी सीमा १९५६ साली पुसली गेली, ती शाळेच्या पटावर पंचावन्न वर्षांनंतरही स्पष्ट वाचता येत होती.

या तफावतीची कारणे देताना आपल्याकडे नेहमी दुष्काळाचे नाव पुढे केले जाते. दुष्काळ खरा आहे. पण तो सीमा पाहून पडत नाही. लोकांच्या ‘मानसिकते’चे कारण तर त्याहून पोकळ आहे. ज्यांच्या मुलीबाळी सीमेपलीकडे नांदतात, त्यांची मानसिकता सीमा ओलांडताच बदलते असे मानावयाचे काय? उत्तर इतिहासात शोधले पाहिजे. आणि तो इतिहास राजेरजवाड्यांच्या लढायांचा नसून महसुलाचा व तिजोरीचा आहे.

वऱ्हाड आणि मराठवाडा हे दोन्ही मुलूख एकेकाळी निजामाचेच होते. १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला. नावाची मालकी निजामाची, कारभार मात्र इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था होती. वऱ्हाडात रयतवारी आली, आगगाडी आली, कापसाचा पैसा आला. त्या पैशाचा मोठा भाग मँचेस्टरच्या आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी नेला हे खरे. तथापि जमीनमहसुलावरील स्थानिक करातून गावोगाव मराठी शाळा निघाल्या आणि त्या शाळांना जाब विचारू शकणारा एक शेतकरी वर्गही उभा राहिला. सत्यशोधक चळवळ वऱ्हाडात रुजली. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा तिला विद्यार्थी मिळावेत एवढी प्राथमिक शिक्षणाची जमीन आधीच तयार झालेली होती.

मराठवाड्यात यातील काहीच झाले नाही. निजामाच्या राज्यातील सुमारे दोन पंचमांश मुलूख जहागिरी आणि सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खाजगी दौलत यांत अडकलेला होता. तेथे शाळा काढणे ही कोणाचीच जबाबदारी नव्हती. सरकारी शाळांतून वरच्या इयत्तांची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून गौरविले जाते, परंतु ती देशी भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची नव्हती. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे, कारण शाळा म्हणजे राजकारणाचा अड्डा असा दरबाराचा संशय. तरीही औरंगाबादची सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा शाळा चालल्या, आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखा मुक्तिसंग्रामाचा नेता अशाच शाळेच्या मास्तरकीतून पुढे आला. पण ही बेटे होती. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण १८ टक्के होते, तेव्हा हैदराबाद राज्याचे दहा टक्क्यांच्याही आत होते.

येथे एक चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका आहे. इंग्रजांचे राज्य म्हणजे शिक्षण आणि संस्थानी राज्य म्हणजे अंधार, असे समीकरण मांडून काही लोक मोकळे होतात. ते सपशेल खोटे आहे. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १८९३ साली अमरेलीला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात तेच केले. याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मांडलेले मर्यादित सक्तीचे विधेयक पुढच्याच वर्षी सरकारी बाजूने फेटाळून लावले. त्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे स्पष्ट सांगितले होते की महसूल रयतेकडून गोळा होतो आणि खर्च होतो तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. राज्य गोऱ्यांचे की काळ्यांचे, राजाचे की कंपनीचे, यावर शाळा ठरत नाही. तिजोरीतला पैसा कोणाकडे वळतो आणि तो आपल्याकडे वळविण्याइतके बळ खालच्या माणसाच्या अंगी असते की नाही, यावर ती ठरते.

हे सिद्ध करणारा दुसरा दाखला देशाच्या दक्षिण टोकाला आहे आणि मराठवाड्याशी त्याचे तारखेचे नाते आहे. ज्या १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, त्याच दिवशी मलबार जिल्हा मद्रास राज्यातून निघून त्रावणकोर-कोचीनला मिळाला आणि केरळ राज्य अस्तित्वात आले. दोन मागासलेले मुलूख एकाच दिवशी आपापल्या पुढारलेल्या भाषाबंधूंच्या घरात आले. पुढे दोघांचे काय झाले, हे ताडून पाहण्यासारखे आहे.

केरळातील चित्र आपल्या बरोबर उलटे होते. तेथे संस्थानी प्रदेश पुढे आणि ब्रिटिशांच्या थेट अंमलाखालचा मलबार मागे होता. त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी १८१७ सालीच प्रजेच्या शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा असा हुकूम काढला होता. केवळ हुकमाने शाळा भरत नाहीत. त्या भरल्या त्या मिशनऱ्यांच्या कामामुळे, नारायण गुरूंच्या चळवळीमुळे, आणि अय्यनकालींनी दलित मुलांच्या शाळाप्रवेशासाठी शेतमजुरांना संपावर नेले त्या लढ्यामुळे. आपल्या मुलांना शाळेत घेत नाहीत तोवर तुमच्या शेतात पाऊल टाकणार नाही, असे सांगणारे मजूर ज्या मुलुखात निघाले, तो मुलूख पुढे गेला यात नवल नाही. मलबारात मात्र जन्मी जमीनदारांचे राज्य होते आणि मद्रासच्या सचिवालयाला त्या दूरच्या जिल्ह्याची आठवण महसुलाच्या वेळीच येई. १९५१ साली त्रावणकोर-कोचीनमधील साक्षरता निम्म्याच्या जवळ पोहोचली होती. मलबारची एकतृतीयांशाच्या आसपास घोटाळत होती.

केरळ राज्य झाल्यावर १९५७ साली आलेल्या पहिल्या मंत्रिमंडळाने शिक्षण विधेयक आणले. खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकांचा पगार सरकारने थेट द्यावा आणि नेमणुकांवर लोकसत्तेचे नियंत्रण असावे, हा त्याचा गाभा होता. त्यावरून केवढे रण माजले आणि १९५९ साली ते मंत्रिमंडळ केंद्राने कसे बडतर्फ केले, हे सर्वज्ञात आहे. त्या कायद्यातील प्रत्येक कलमाचे समर्थन करण्याची गरज नाही. महत्त्वाची गोष्ट ही की मंत्रिमंडळे आली आणि गेली, आघाड्या बदलल्या, पण शिक्षणावरील खर्चाला हात लावण्याची हिंमत कोणत्याच रंगाच्या सरकारला झाली नाही. १९६८ साली कालिकत विद्यापीठ झाले, १९६९ साली मलप्पुरम हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १ जानेवारी १९७० पासून कूळ कसेल ती जमीन कुळाची झाली. जन्मीची गुलामी गेली तेव्हा मुलाला गुराख्याच्या कामावरून सोडवून शाळेत घालणे बापाला शक्य झाले. पुढे आखाती देशांतून आलेला पैसाही होता. परंतु तो पैसा येण्यापूर्वी शाळा उभ्या होत्या हे विसरता येत नाही.

१८ एप्रिल १९९१ रोजी केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली, ती तिरुवनंतपुरमच्या विधानभवनात नव्हे, तर मलबारातील कोझिकोडच्या मैदानात. आणि ती केली मलप्पुरम जिल्ह्यातील चेलक्कोडन आयिशा या उतारवयात अक्षरे शिकलेल्या स्त्रीने. २०११ च्या जनगणनेत मलप्पुरमचे प्रमाण ९३ टक्क्यांच्या पुढे होते, म्हणजे जुन्या त्रावणकोरची राजधानी असलेल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्याच्या बरोबरीने. ज्या केरळाचे दरडोई उत्पन्न त्या सर्व काळात बराच वेळ देशाच्या सरासरीहून कमी होते, त्याने हे करून दाखविले. मलबारची सर्व गाऱ्हाणी मिटली असे नाही. दहावीनंतरच्या वर्गांत पुरेशा जागा नाहीत म्हणून मलप्पुरममध्ये अगदी २०२४ सालीही आंदोलने झाली. पण गाऱ्हाणे अकरावीच्या जागांचे असणे आणि गाऱ्हाणे अक्षरओळखीचे असणे, यांत दोन पिढ्यांचे अंतर आहे.

आता मराठवाड्याकडे वळावे. मराठवाडा बिनशर्त महाराष्ट्रात आला, असे आपण अभिमानाने सांगतो. १९५३ च्या नागपूर कराराने न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते. घटनेच्या ३७१ व्या कलमात त्याची तरतूदही झाली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघाले. त्याच्या आठ वर्षे आधी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढून दलितांच्या एका पिढीला वाट करून दिली होती. प्राथमिक शाळांची संख्याही वाढली. दहा टक्क्यांच्या आतून पाऊणशे टक्क्यांपर्यंतचा प्रवास हा लहान नव्हे, आणि त्यासाठी खस्ता खाल्लेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु मलबारने शेजाऱ्याला गाठले आणि मराठवाड्याने गाठले नाही, ही वस्तुस्थिती शिल्लक राहतेच.

याचे कारण असे की महाराष्ट्रात मागासलेपणा हा लवकर निवारण्याचा रोग न मानता वाटाघाटीचा विषय मानला गेला. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन झाले. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने १९८४ साली सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढून दाखविला. मागास भागाची गरज आकड्यांत मांडण्याचे ते मोलाचे काम होते. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. २०२० साली त्यांची मुदत संपली तेव्हा ती वाढविली गेली नाही. या साऱ्या काळात अनुशेष या शब्दाचा जाहीर अर्थ धरणे, कालवे आणि रस्ते असाच राहिला. शिक्षणाचा अनुशेष मोजला तरी तो रुपयांत. सातवी न गाठता शाळा सोडणारी मुलगी कोणत्याच अनुशेषाच्या कोष्टकात बसली नाही.

दरम्यान शिक्षणाचा पैसा दुसरीकडे वळला. १९८३ साली विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि शिक्षण संस्था हा राजकीय घराण्यांचा जोडधंदा झाला. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीसाठी ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. ज्या जिल्ह्याच्या नावाने तो गाजला त्या जिल्ह्यातील साक्षरता २०११ साली राज्याच्या ८२ टक्क्यांच्या सरासरीहून पाच टक्के कमी होती. शिखर उंच आणि पायथा खचलेला, अशी ही शिक्षणव्यवस्था आहे. तिला सामाजिक बाजूही आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळाने केला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, आणि नामविस्तारासाठी १९९४ साल उजाडावे लागले. शिकू लागलेल्या दलिताविषयीचा राग त्या आगीत होता. जेथे खालच्या माणसाने शिकण्याची मागणी करणे हाच अपराध ठरतो, तेथे तिजोरी त्याच्याकडे सहजी वळत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मराठवाड्याचे मागासलेपण सर्वांनाच तोट्याचे आहे असे नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना आणि शेजारच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि कोप्यावर धाकटे सांभाळावयाला थोरली मुलगी बरोबर जाते. ती पाडव्याच्या सुमाराला परतते तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. पण त्यांचा पैसा वेळेवर येत नाही आणि वसतिगृह उघडेपर्यंत गाड्या गेलेल्या असतात. सहकारी साखर कारखान्यांच्या पैशावर पश्चिम महाराष्ट्रात उत्तम शाळा-महाविद्यालये उभी राहिली. ज्या हातांनी तो ऊस तोडला, त्यांच्या मुलांची शाळा मात्र बुडाली. शेजाऱ्याशेजाऱ्यांमधील ही विषमता अपघाताने टिकलेली नाही. तिच्यावर एक धंदा उभा आहे.

साक्षरता हा सर्व दुःखांवरचा उतारा आहे, असा दावा कोणी करू नये. अमरावती आणि यवतमाळ हे साक्षरतेत पुढे असलेले जिल्हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशाला माहीत झाले. अक्षर वाचता आल्याने कापसाला भाव मिळत नाही. परंतु कर्जाचा कागद वाचता येणे, उचलीचा हिशेब ताडून पाहता येणे, ग्रामसभेत अर्ज देता येणे, ही लढण्याची पहिली हत्यारे आहेत. ती हाती असूनही वऱ्हाडातील शेतकरी भावाच्या लढाईत हरतो. ज्याच्या हाती तीही नाहीत त्याला तर लढाई कोठे चालली आहे हेच कळू दिले जात नाही.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने पुढे आणलेल्या ‘समूह शाळा’ योजनेकडे पाहिले पाहिजे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १४ हजार शाळा एकत्र करून मोठ्या शाळांना जोडाव्यात, असा तो विचार आहे. मोठ्या शाळेत शिक्षक पुरेसे असतील, खेळाचे मैदान असेल, प्रयोगशाळा असेल, हा युक्तिवाद ऐकावयाला गोड आहे. त्यात काही तथ्यही आहे. एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळणे हे शिक्षण नव्हे. पण त्यावरील उपाय दुसरा शिक्षक नेमणे हा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम आहे, आणि तो खर्चाचा विचार न करता केलेला नाही. शाळा लांब गेली की पहिल्यांदा मुलगी घरी बसते. लमाणांच्या तांड्यावरून किंवा डोंगरातील वस्तीवरून पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांचे पोर तीन-चार किलोमीटर जाणार नाही, आणि शासनाची गाडी दररोज तांड्यावर येईल यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. कमी पट हा ज्या वस्तीचा दोष नाही, त्या वस्तीला दिलेली ही शिक्षा ठरेल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. ग्रामसभेच्या लेखी संमतीवाचून एकही शाळा बंद किंवा एकत्र होता कामा नये. स्थलांतराच्या तालुक्यांत हंगामी वसतिगृहे दसऱ्यापूर्वी उघडली पाहिजेत आणि त्यांच्या खर्चाचा ठरलेला वाटा साखर कारखान्यांवर टाकला पाहिजे. शिक्षकांच्या रिक्त जागा भरताना मागास जिल्ह्यांचा क्रम पहिला लागला पाहिजे. आणि प्रत्येक जिल्ह्यात दर मुलामागे किती खर्च झाला व पहिलीत आलेल्यांपैकी किती मुली दहावीला पोहोचल्या, हे दोन आकडे दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळापुढे ठेवले पाहिजेत. अनुशेष मोजावयाचा तर तो यावरून मोजावा.

चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेच्या ४५ व्या कलमाने १९५० साली सांगितले होते. ती दहा वर्षे संपली ते साल १९६०. म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्र राज्याचा जन्म झाला, त्याच वर्षी हे कर्ज फेडीला आले होते. मलबारने आपल्या शेजाऱ्याला पंचावन्न वर्षांच्या आत गाठले, कारण तेथील सरकारांना शाळा बंद करणे परवडत नव्हते. मराठवाड्यातील कोणत्याही गावाला आपली शाळा बंद होताना पाहून गप्प बसणे परवडणार नाही, इतपत बळ उभे करणे हे महाराष्ट्रातील सर्व लोकशाही चळवळींचे आज पहिले काम आहे.